टेंपो कोण बंद पाडतो

साहेब, तुम्ही मला चोर म्हणालात. कागदावर नाही, कागदावर तुम्ही जपून लिहिता. तोंडानं म्हणालात. डेअरीच्या फाटकात, दूध घालायला आलेल्या बायामाणसांसमोर, आणि त्या गर्दीत माझा सासरा उभा होता. तुमचं नाव मी इथं घालत नाही. घातलं तर बदनामी झाली म्हणून तुम्ही रडत बसाल आणि मूळ गोष्ट राहील बाजूला.

त्या सकाळी ऊन चांगलं वर आल्यावर माझा टेंपो फाटकातून आत आला. मागं डोंगरातल्या वाड्यांच्या दुधाचे कॅन होते. हमालानं पहिल्याच कॅनचं झाकण उचकटलं आणि आंबूस वास आवारभर पसरला. तुम्ही नाकाला रुमाल लावून पायऱ्या उतरलात.

"खोपडे, कुठं थांबला होतास?"

"थांबलो नव्हतो, साहेब. गाडी थांबली. गाढवलोटीच्या चढावर."

"काल कुठं थांबली होती?"

"तिथंच. जरा अलीकडं."

"आणि तासाभरानं आपोआप सुरू झाली."

"हो साहेब. आपोआप."

"गाडी आपोआप बंद पडते आणि आपोआप सुरू होते. मग तुला पगार कशाचा देतो आम्ही?"

माणसं हसली. सासराही हसला, साहेब हसले की हसायचं असतं म्हणून. मग तुम्ही टेंभेकरांना हाक मारली, "सील उघडा. काठी घाला."

टेंभेकर म्हणजे दूध संघाचे वाहन कारकून. कमरेला चाव्या, खिशात पित्तावरच्या जेलुसिलच्या गोळ्या, हातात कापडी पिशवी. त्यांनी सुरीनं टाकीच्या झाकणावरची लाख फोडली, कापड सोडलं, झाकण काढलं आणि खुणा केलेली काठी आत घातली. डिझेल जितकं असायला हवं तितकं होतं. कमी नाही, जास्त नाही.

"बघा साहेब," मी म्हणालो, "डिझेल आहे की."

तुम्ही काठीकडं पाहिलंत, माझ्याकडं पाहिलंत आणि म्हणालात, "म्हणजे आज जमलं नाही. चोर आहेस तू, खोपडे. आणि चोर असून कच्चा आहेस."

लोकांनी ऐकलं. सासऱ्यानं टोपी सारखी केली आणि तो रिकामी बरणी घेऊन चालू लागला. मी तेव्हा हंगामी ड्रायव्हर होतो. दिवाळीनंतर कायम होणार होतो. तुमच्या टेबलावर माझी फाईल होती, आणि सासऱ्यानं मुलगी दिली होती ती मला नव्हे, त्या फाईलला. तुम्ही वर जाताना म्हणालात, "चौकशी लावतो. डिझेल चोरलं नाही असं सिद्ध झालं तर कायम. नाही झालं तर घरी."

चोरलं नाही हे सिद्ध कसं करायचं, हे काही तुम्ही सांगितलं नाही.

टाकीला सील का, हे परक्या माणसाला कळायचं नाही, म्हणून सांगतो. आमच्या संघात सगळ्यालाच सील. दुधाच्या मोठ्या टँकरला सील, लोण्याच्या खोलीला सील, पाणी मिसळू नये म्हणून विहिरीच्या मोटारीलासुद्धा सील. मध्ये एका जीपचं डिझेल गेलं, तेव्हा तुम्ही हुकूम काढलात की यापुढं सगळ्या गाड्यांच्या टाक्यांना सील. आधी नुसती तार आणि शिसं होतं. मग तुम्हाला वाटलं की तारेच्या फटीतून बारीक नळी जाईल. म्हणून झाकणावर मांजरपाटाचा तुकडा, लोणच्याच्या बरणीला दादरा बांधतात तसा, वरून गरम लाख ओतायची आणि पितळी शिक्का उठवायचा. "वाससुद्धा बाहेर यायला नको," असं तुम्ही म्हणाला होतात. टेंभेकर हाताचे चांगले. त्यांनी वास बाहेर येऊ दिला नाही. बाकीच्या गाड्या गावातल्या गावात फिरायच्या. डोंगर चढायचा तो एकटा माझा टेंपो, आणि तो तर आधीच म्हातारा. दुसऱ्या कुठल्या तरी संघानं वापरून टाकलेला. बंद पडला तर नवल काय, असं सगळेच म्हणायचे. मीही म्हणायचो.

चौकशी लागली. पहिलं काम म्हणजे गाडी युनूस मिस्त्रीकडं पाठवायची. पण वर्कशॉपात गाडी द्यायची तर सील तोडून, डिझेल मोजून, कागद करूनच द्यायची, असा नियम. तसं केलं. युनूसनं फिल्टर बदलला, नोझल काढून साफ केले, फीड पंप उघडून पुन्हा बसवला आणि स्वतः गाडी घेऊन गाढवलोटी चढून आला. परत येऊन शांतपणे उतरला.

"हणमंत, गाडी पाण्यासारखी चालते. गाडीला काही नाही. तुला काही आहे का?"

"मला काय असणार?"

"बायकोशी भांडण वगैरे. माणूस मग चढावर क्लच दाबून बसतो आणि त्याला कळत नाही."

टेंभेकरांनी टाकी पुन्हा सील केली. दुसऱ्या दिवशी गाडी गाढवलोटीवर बंद पडली. युनूसला निरोप गेला. त्यानं पुन्हा सील तोडून घेतलं, पुन्हा चढून आला, पुन्हा काही नाही. तिसऱ्या खेपेला त्यानं लिहून दिलं, "इंजिन निर्दोष."

मग तुम्ही स्वतः तपासणी केलीत. आवारात टेंपो उभा केला, सील फोडून डिझेल मोजलं, इंजिन चालू ठेवलं, चौकशी समितीचे तीन संचालक खुर्च्या टाकून समोर बसले. चहा झाला. भजी झाली. इंजिन धडधडत राहिलं.

मी म्हणालो, "साहेब, उभी गाडी बंद पडत नाही. चालती पडते. लोडवर, चढाला."

"चालत्या गाडीचा पंचनामा कसा करायचा, खोपडे? कागद उडतात."

समितीनं लिहिलं: समक्ष तपासणीत वाहन बंद पडले नाही. सबब वाहन चालकाच्या अनुपस्थितीत बंद पडत नाही. मी शेजारीच उभा होतो. पण स्टेअरिंगवर नव्हतो, म्हणजे अनुपस्थित.

त्यानंतर तुम्ही टेंभेकरांना माझ्या शेजारी बसवलंत. सोबत त्यांची पिशवी. पिशवीत लाख, मेणबत्ती, मांजरपाट, पितळी शिक्का, घडीची काठी. हुकूम असा की गाडी थांबली की लगेच सील तोडून डिझेल मोजायचं, नोंद करायची, पुन्हा सील करायचं. म्हणजे चोराला फुरसत मिळणार नाही.

पहिल्या दिवशी गाढवलोटीवर गाडी आचके देऊन थांबली. टेंभेकरांनी माझ्याकडं असं पाहिलं, जसं काही मी त्यांच्या ताटातलं उचललं.

"हणमंता, पाय कुठं होता तुझा?"

"ॲक्सिलेटरवर, भाऊसाहेब. हा बघा. अजून आहे."

ते उतरले, सील फोडलं, काठी घातली. बरोबर. मेणबत्ती पेटवली, लाख वितळवली, शिक्का उठवला. मी डिझेल ओढायचा हातपंप मारून स्टार्टर दिला. टेंपो पहिल्या फेऱ्यात सुरू. दूध वेळेत पोचलं, एकही कॅन फाटला नाही.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही. गाडी थांबायची, टेंभेकर उतरायचे, टाकीला हात लावायचे, गाडी सुरू. पूर्वी तास जायचा तिथं पावडरचा डबा उघडून बंद करावा इतकाच वेळ. डोंगरातल्या माणसांना याचा एकच अर्थ लागला आणि खरं सांगतो साहेब, हळूहळू मलाही तोच लागला.

"हणमंता," तळमाचीच्या संकलन केंद्रावरची सरूबाई मालुसरे एकदा दबक्या आवाजात मला म्हणाली, "त्या भाऊसाहेबाच्या हातात काहीतरी हाय बघ."

"लाख आहे, मावशी."

"लाख न्हवं रं. गुण. काही माणसांचा हात असतो तसा. आमच्या म्हशीपाशी त्यास्नी बोलवू का?"

सरूबाई तशी कुणाला भुलणारी बाई नव्हती. तीन वाड्यांचं दूध ती मोजून घ्यायची, आणि फाटलेल्या दुधाचा सगळा राग तिच्या दारात यायचा. पण तिची म्हैस पान्हा चोरत होती. टेंभेकर जेलुसिल चघळत गोठ्यात गेले, लाजत लाजत म्हशीच्या पाठीवर हात ठेवला. म्हशीनं त्या संध्याकाळी दूध दिलं. कदाचित देणारच होती. झालं. उंबरघोलात कुणाची पाण्याची मोटार बंद होती, तिच्यावर हात. कुणाचा रेडिओ, त्याच्यावर हात. एका घरात सुनेला उचकी लागली होती, तिथं हात ठेवणं बरं दिसेना म्हणून टेंभेकरांनी पितळी शिक्का तिच्या तांब्याला लावला. टेंपो वाडीत शिरला की माणसं आधी त्यांच्या पाया पडायची, मग दूध घालायची. ऑफिसात ज्या माणसाला शिपाईसुद्धा दोनदा हाक मारल्याशिवाय पाणी देत नव्हता, तो माणूस केबिनमध्ये मांडीवर पिशवी घेऊन ताठ बसायला लागला. कपाळाला गंध आलं.

"भाऊसाहेब, तुम्हाला काय वाटतं? खरंच गुण असेल?" मी एकदा विचारलं.

"आपण कशाला नाही म्हणा," ते म्हणाले. "आमची आजी अंगारा द्यायची."

आणि तुम्ही, साहेब? तुम्ही तर शिकलेले. तुम्हाला गुणबीण मान्य नव्हतं. तुम्ही मला बोलावून सांगितलंत, "टेंभेकर बसल्यापासून दूध फाटत नाही. याचा अर्थ काय?"

"काय, साहेब?"

"पाळत ठेवली की चोरी थांबते. म्हणजे आधी चोरी होती."

"पण साहेब, गाडी अजूनही थांबते."

"सवय लगेच सुटत नाही."

  तुम्ही दोन फाईली उचलून दाखवल्यात. "गुरुवारी अकराला समिती बसेल. शेवटची. त्या दिवशी दूध समितीसमोर चांगलं उतरलं तर या फाईलवर सही करतो, तू कायम. फाटलं तर या दुसऱ्या फाईलवर."

घरी सांगितलं. बायको म्हणाली, "भाऊसाहेब आहेत ना सोबत? मग झालं तर." सासऱ्यानं निरोप पाठवला की गुरुवारी तो फाटकात येऊन थांबेल.

गुरुवारी सगळं वेळेत होतं. तळमाचीला सरूबाई चांगलं लुगडं नेसून तयार होती. तिला समितीपुढं बोलायचं होतं, फाटलेल्या दुधाचा जाब विचारायचा होता, म्हणून ती केबिनमध्येच चढली. टेंभेकर मध्ये, ती खिडकीला. परतीच्या वाटेत आधी उतार आणि मग गाढवलोटीचा तो चढ. चढाच्या निम्म्यात इंजिनानं आचका दिला, दुसरा दिला आणि गप्प झालं.

मी घाबरलो नाही. हँडब्रेक ओढला, चाकाला दगड लावला. "भाऊसाहेब, उतरा."

टेंभेकर उतरले, पिशवीत हात घातला. लाख काढली, मेणबत्ती काढली, मांजरपाट काढलं. मग हात घातला तो बाहेरच येईना.

"काय झालं?"

"शिक्का."

"शिक्क्याचं काय?"

"काल संध्याकाळी उंबरघोलात परत त्या मोटारीवर ठेवला होता. ते म्हणाले, रात्रभर देव्हाऱ्यात असू दे." त्यांचा चेहरा मेणबत्तीसारखा पांढरा झाला. "मी असू दिला. आज घ्यायचा राहिला."

"राहू दे. सील फोडा, डिझेल बघा, आपण निघू."

"फोडलं तर परत सील कशानं लावू?"

"भाऊसाहेब, अकराला समिती आहे. कॅन उन्हात आहेत."

"मला कळतं रे. पण शिक्का नसताना सील फोडलं तर मी गेलो. तू हंगामी आहेस, तुझी नोकरी जाईल. माझी पेन्शन जाईल."

सरूबाई खाली उतरली. "शिक्का न्हाई तर अंगठा उठवा की. एवढा गुणाचा अंगठा हाय."

"बाई, ही चेष्टेची वेळ नाही."

"मग म्या तरी कुठं हसतीय."

मी स्टार्टर मारला. हातपंप मारला, तर पंप मेल्यासारखा, आत काही येतच नव्हतं. टेंभेकर टाकीजवळ उकिडवे बसले आणि त्यांनी सील न फोडता नुसता टाकीवर हात ठेवला. डोळे मिटले. मी पुन्हा स्टार्टर दिला. काही नाही. त्यांनी दुसरा हात ठेवला. काही नाही. त्यांनी माझ्याकडं वळून पाहिलं, आणि तसा चेहरा मी माणसाचा पाहिलेला नाही. पोरानं परीक्षेचा कागद उघडावा आणि प्रश्न दुसऱ्याच विषयाचे असावेत तसा.

मी रस्त्यावर बसलो. नोकरी गेली, हे मला तिथं कळलं. समितीसमोर नव्हे. तिथं, त्या चढावर, कॅनवर माश्या बसताना.

सरूबाईनं मात्र कॅनची झाकणं उचकटायची लोखंडी पट्टी उचलली. "व्हा बाजूला," ती टेंभेकरांना म्हणाली. ते नाही नाही म्हणेपर्यंत तिनं पट्टी लाखेत खुपसली आणि उचकटली. लाखेची खपली उडाली, कापड फाटलं.

आणि टाकी ओरडली.

खरंच ओरडली, साहेब. आधी सुस्स असा लांब श्वास आत घेतला, आमच्या डोळ्यांसमोर कापडाची फाटकी चिंधी आत ओढली गेली, आणि मग टाकीच्या पोटातून ढब्ब असा आवाज आला. तिच्या दोन्ही कुशी आत गेलेल्या होत्या, त्या बाहेर आल्या. त्या आत गेल्या आहेत हे आम्हाला तोवर दिसलंच नव्हतं. जुना टेंपो, पोचे असायचेच. सरूबाई दोन पावलं मागं सरली. "आगं बया, उपाशी होती व्हय ही?"

मी हातपंप मारला. डिझेल आलं. स्टार्टर दिला. इंजिन सुरू.

टेंभेकर मात्र उठले नाहीत. फाटकी चिंधी हातात घेऊन ते रस्त्याच्या कडेला बसले.

"हणमंता," ते म्हणाले, "घरी तेलाचा डबा मी फोडतो. दर महिन्याला मीच फोडतो. बायकोला जमत नाही."

"बरं मग?"

"दोन भोकं पाडतो. एकातून तेल येतं. दुसरं..." त्यांनी पुढचं वाक्य सोडून दिलं. मग झाकण उलटं करून दाखवलं. झाकणात मधोमध टाचणीएवढं भोक होतं, आणि ते लाखेनं गच्च बुजलं होतं. बनवणाऱ्यानं ठेवलेलं भोक. टाकीत डिझेल कमी होईल तशी तिथून हवा आत जायची. आम्ही ती वाट कापड आणि लाख लावून, वर शिक्का मारून बंद केली होती, आणि मग गाडी का थांबते म्हणून माणसं तपासत होतो. तासभर थांबलं की कुठून तरी थोडी हवा झिरपायची, गाडी सुरू व्हायची. टेंभेकर सुरीनं हळूहळू सील फोडायचे, म्हणून आवाज न होता सगळीच्या सगळी हवा आत जायची, गाडी लगेच सुरू व्हायची. युनूसकडं, आवारात, काठी घालताना, दर वेळी आम्ही आधी ते झाकण उघडत होतो आणि मग म्हणत होतो, बघा, काही नाही.

"म्हणजे माझ्या हातात काही नव्हतंच," टेंभेकर म्हणाले.

"म्हशीला तरी लागू पडला की तुमचा हात," सरूबाई म्हणाली. तिला त्यांची दया आली असावी. "उठा आता. समितीला सांगा हे सगळं. पोराची नोकरी वाचंल."

टेंपो फाटकापर्यंत एकदाही थांबला नाही. झाकण नुसतं बसवलं होतं, त्यातलं भोक मी सरूबाईच्या केसातल्या आकड्यानं मोकळं केलं होतं. अकराच्या आत आम्ही आवारात होतो. फाटकात सासरा नवी टोपी घालून उभा. दूध उतरलं, तपासणाऱ्यानं नळी घातली, वास घेतला, मान हलवली. एक नंबर. मी तुमच्याकडं पाहिलं. आयुष्यात इतक्या आशेनं मी कुणाकडं पाहिलं नाही.

तुम्ही दुधाकडं बघितलंच नाहीत. तुम्ही टेंपोला वळसा घालून टाकीकडं गेलात.

"सील कुठं आहे?"

मी सांगायला लागलो. झाकण, भोक, हवा. तुम्ही हात वर केलात आणि टेंभेकरांना विचारलंत.

टेंभेकर म्हणाले, "साहेब, टाकीला हवा लागते."

"टाकीला हवा लागते असं कोणत्या परिपत्रकात आहे?"

"परिपत्रकात नाही, साहेब."

"मग?"

टेंभेकरांनी खिशातली गोळी काढून तोंडात टाकली. बराच वेळ चघळली. "मग लागत नसेल," ते म्हणाले.

त्यांना मी दोष देत नाही. त्यांच्या पेन्शनला अजून थोडी वर्षं होती आणि शिक्का उंबरघोलाच्या देव्हाऱ्यात होता.

सरूबाई पुढं आली. "सील म्या फोडलं. त्यानं न्हाई, ह्यांनी न्हाई. म्या. या पट्टीनं."

"तुम्हाला सील फोडण्याचा अधिकार नाही," तुम्ही म्हणालात.

"नसंल. पण फोडलं."

"अधिकार नसलेल्या व्यक्तीनं सील फोडलं असं समितीला मानता येत नाही."

"आवं, पण फोडलं की म्या."

"बाई, तुम्ही बसा."

मी म्हणालो, "साहेब, समितीतल्या कुणीही सील लावून गाडी डोंगरात न्यावी. बंद पडेल. सील काढून न्यावी. पडणार नाही. आजच न्यावी. मी बसतही नाही गाडीत."

संचालकांपैकी एकजण खुर्चीत जरा पुढं सरकला. मला वाटलं, हा उठतोय. पण त्याला चहा हवा होता.

तुम्ही निकाल सांगितलात. तो मला शब्दाशब्दानं पाठ आहे. "आज टाकी उघडी होती आणि गाडी एकदाही थांबली नाही. याचा अर्थ असा की चोरीसाठी थांबायची आज गरजच उरली नव्हती." आणि तुम्ही दुसऱ्या फाईलवर सही केलीत.

सासरा फाटकातून निघून गेला.  त्याच्या वाडीत मी जेवायला बसलो की सासू तेलाची बाटली उचलून आत नेऊन ठेवायची. चोर म्हटलं की माणसं एकाच गोष्टीपुरता चोर मानत नाहीत.

पुढं काय झालं ते मला सरूबाईनं सांगितलं, म्हणून मला माहीत आहे. तुम्हाला वाटत असेल कुणाला माहीत नाही.

पुढच्याच आठवड्यात तुम्ही टेंभेकरांकडून टाकी स्वतः समोर उभं राहून सील करून घेतलीत. भोकावर दोनदा लाख ओतायला लावलीत. आणि टेंपो स्वतः चालवत, एकटे, दूध आणायला तळमाचीला गेलात. खोपडे खोटा आहे हे सिद्ध करायला गेला होतात. तरुणपणी ट्रॅक्टर चालवलेला होता तुम्ही, येत होतं तुम्हाला. कॅन भरून घेऊन निघालात. गाढवलोटीच्या निम्म्या चढावर गाडीनं आचका दिला आणि थांबली.

सरूबाई रानातून गवताचा भारा घेऊन येत होती. तिनं भारा टाकला आणि तिथंच टेकली.

"काय साहेब, डिझेल काढताय व्हय?"

"गाडी बंद पडलीय, बाई."

"आपोआप?"

 तुम्ही बॉनेट उघडलंत म्हणे, बंद केलंत. टाकीभोवती दोनदा फिरलात. सील तुम्हाला फोडता येत होतं, अधिकार होता. पण फोडलं असतं तर गाडी सुरू झाली असती, आणि सरूबाई बघत होती. तुम्ही घामाघूम होऊन दरडीच्या सावलीत बसलात. तिनं तुम्हाला ताक दिलं. दूध फाटेपर्यंत तुम्ही तिथं बसून होतात. मग खाली फाट्यापर्यंत चालत गेलात आणि एसटीनं घरी गेलात.

महिन्याभरानं परिपत्रक निघालं. लाखेचा खर्च वाढल्यामुळे वाहनांच्या इंधन टाक्यांना सील करण्याची पद्धत काटकसर म्हणून बंद करण्यात येत आहे. बस्. टेंपो त्यानंतर कधी त्या चढावर थांबला नाही. माझ्या जागी आलेला ड्रायव्हर सहा महिन्यांत कायम झाला. त्याच्या फाईलवर तुम्ही लिहिलंत, "प्रामाणिक."

मी पुढं दुसऱ्याच्या जीपवर वडाप केलं, सीटा भरून माणसं नेली, मग ट्रक, मग डोळे अधू झाले तेव्हा सोडलं. परवा संघानं तुमचा सत्कार केला, शाल दिली. भाषणात तुम्ही म्हणालात की तुमच्या काळात डिझेलची चोरी तुम्ही स्वतः पकडून मोडून काढली. माणसांनी टाळ्या वाजवल्या. मी मागच्या रांगेत होतो. बायको शेजारी होती, तिनं माझा हात दाबून धरला म्हणून उठलो नाही. म्हणून इथं लिहितोय.

मला नोकरी नको, आता वय नाही. पेन्शन नको, शाल तर नकोच. एका प्रश्नाचं उत्तर पाहिजे, आणि ते तोंडानं पाहिजे, फाटकात, माणसांसमोर, जसं तेव्हा बोललात तसं. गाडी चढावर थांबली की जो चालवतो तो चोर, हा नियम मी केला नव्हता, तुम्ही केला होता. सरूबाईनं तुम्हाला ताक दिलं त्या दिवशी गाढवलोटीवर टेंपो थांबला तेव्हा स्टेअरिंगवर कोण होतं, साहेब? आणि त्यानं चोरलं होतं की नव्हतं?